भाद्रपद वद्य पंचमीचा उजेड

"हा दगड वरून पडलेला नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"पण मी स्वतः पाहिलाय."

"पडताना?"

"पडलेला."

टेबलापलीकडच्या निवृत्त मामलेदारांनी दगड पुन्हा रुमालात गुंडाळला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांच्या काळात मी तलाठी असतो तर माझी बदली नक्की होती. मी ड्रॉवरमधून उत्तर क्रमांक पाच काढलं, सही केली आणि त्यांच्या हातात दिलं. 'आपण दाखवलेला नमुना तपासला असता तो लोखंडाच्या भट्टीतील मळी असल्याचे दिसते. आपल्या विज्ञानप्रेमाबद्दल आभार.' मामलेदारांनी ते सावकाश वाचलं. 'आभार' या शब्दापाशी त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागात मी तेव्हा सगळ्यांत कनिष्ठ अधिव्याख्याता होतो आणि गुरुवारची दुपार सगळ्यांत कनिष्ठ माणसाच्या वाट्याला येई. त्या दुपारी विभागाचं दार जनतेला खुलं असे. जनतेचे प्रश्न मोजकेच असतात, हे विभागप्रमुख ताम्हनकर मॅडमनी फार पूर्वी ओळखलं होतं, म्हणून त्यांनी उत्तरं छापूनच घेतली होती. एम.एस्सी.ला कोणते विषय लागतात, याचं उत्तर क्रमांक एक. हे शिकून पुढे स्कोप काय, याचं दोन. ते सगळ्यांत छोटं होतं. बायकोच्या वाढदिवसाला तिच्या नावाचा तारा मिळेल का, तीन. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी तबकडी म्हणजे शुक्र, हे चार. विश्वाची उत्पत्ती आपण घरच्या घरी शोधून काढली असल्यास सहा. पत्रिका बघता का, याला छापील उत्तर नव्हतं. त्यासाठी दारावर पाटी होती. लोक पाटी वाचत आणि आत येऊन तेच विचारत.

मामलेदार गेले आणि एक जोडपं आत आलं. पुरुष पंचावन्नच्या आसपासचा, पांढरी टोपी, घड्या मोडलेला पण धुतलेला सदरा. बाईंनी दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेतला होता. बसा म्हटल्यावर तो बसला. ती खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली.

"प्रवेशाचं आहे का?"

"न्हाय."

"दगड?"

"दगड न्हाय, साहेब." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी रंगनाथ बोऱ्हाडे. ही आमची मंडळी. एक इचारायचं व्हतं. गेल्या साली भादव्यात, वद्य पंचमीला, दिवेलागणीच्या टायमाला आमच्या गावात उजेड व्हता का अंधार?"

ड्रॉवरकडे गेलेला हात मी मागे घेतला.

"दिवे लावले म्हणजे अंधारच असणार," मी म्हटलं. मला वाटलं, बरा जमला. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

"तसं न्हाय. पंपाची लाइट येती तेव्हाचं इचारतोय. मुक्कामी एस.टी. शाळेपाशी वळती, तवाच लाइट येती. रोजचं ठरल्यालं हाय. त्या टायमाला उजेड व्हता. तेवढं लिवून द्या, शिक्का मारून."

"अंधार व्हता," बाई म्हणाल्या.

"तू घरात व्हतीस."

"दारात व्हते मी."

"दारातनं काय दिसतंय? मधी गोठा हाय."

"गोठ्यावरनं आभाळ दिसतंय की. का तेबी तुमीच बघायचं?"

असे लोक कधीमधी येत. खून चांदण्यात झाला की काळोखात, हे एखाद्या वकिलाला हवं असे. मग त्याला चंद्र उगवल्याची वेळ लिहून द्यायची. मी विचारलं, "कोर्टात द्यायचंय का?"

"कोर्ट न्हाय," बोऱ्हाडे म्हणाले. "घरातलंच हाय."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे न बघता टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत होते. नवनाथ त्यांचा एकुलता मुलगा. बी.एस्सी. झाला होता, घरी होता. त्या संध्याकाळी लाइट आली तेव्हा आईनं त्याला सांगितलं, जा, मोटार चालू करून ये. मोटार विहिरीपाशी. विहिरीला कठडा नाही. त्या भागात कुणाच्याच विहिरीला नसतो, कठडा बांधायचा विषय दरसाल निघतो आणि ऊस गेल्यावर बघू म्हणून मागे पडतो. नवनाथ गेला. मोटार काही सुरू झाली नाही. बराच वेळ झाला तरी सुरू झाली नाही, म्हणून आई बघायला गेली.

"पोहता यायचं त्याला?" मी विचारलं.

"पाणी तळाला व्हतं," बोऱ्हाडे म्हणाले. "मधी कपार हाय."

 बाहेर व्हरांड्यात कुणीतरी शिपायाला विचारत होतं, अर्जाचा फॉर्म इथंच मिळतो का.

"ल्हानपणापास्नं त्या विहिरीवर वाढल्यालं पोरगं," बाई म्हणाल्या. "उजेडात कसं पडंल? अंधार व्हता म्हणून पडलं. वर्षश्राद्धाला मी मुद्दाम जाऊन उभी राह्यले तिथं. तीच तिथ, तोच टाइम. एस.टी. वळली, लाइट आली. मला माजा हात दिसत नव्हता, विहिरीचं तोंड कुठलं दिसायला? ह्येबी व्हते संगं. इचारा त्यांना."

"त्या दिवशी अंधार व्हता," बोऱ्हाडे म्हणाले. "श्राद्धाच्या दिवशी. गेल्या साली नव्हता. मी डेअरीवरनं घरला येत व्हतो, मला वाट दिसत व्हती. बांधावरचा सरडा दिसला मला."

"सरडा!" बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पोराच्या मरणाला सरड्याची साक्ष."

दोघांनी काय ठरवायला मला बसवलं होतं, ते तोवर माझ्या लक्षात आलं होतं. अंधार असेल तर नवनाथ पाय घसरून पडला. उजेड असेल तर पडला नाही. मला फक्त एवढंच समजत नव्हतं, की हा बाप उजेडासाठी इतका का झगडतोय. आईचं मला कळत होतं. आपल्या मुलानं जीव दिला, असं कुठल्या आईला म्हणवेल? आणि हा माणूस तेच शिक्का मारून मागत होता. मनात आलं, काही माणसांना आपलं खरं करण्यापुढे काही दिसत नाही. एक मामलेदार नुकतेच उठून गेले होते.

"पण इथंच का आलात?" मी विचारलं. "पंचांगवाल्याकडे गेला असतात तरी…"

"नवनाथ आल्ता हितं. कालेजच्या सहलीत. दुर्बिणीतनं कायतरी बघून आला. म्हणाला, आबा, तिथं आभाळाचं कायबी इचारा, सांगत्यात. हसत न्हाईत."

मी तारीख काढतो, पुढच्या गुरुवारी या, असं म्हटलं. बोऱ्हाडे पाणी प्यायला व्हरांड्यातल्या माठाकडे गेले. बाई थांबल्या. दाराकडे एकदा बघून त्या टेबलावर वाकल्या.

"साहेब, अंधार लिवा."

"जे असेल ते लिहावं लागतं, बाई."

"असंल ते असंल. तुमी अंधार लिवा. ह्यांना झोप न्हाय." आणि पदर सावरून त्या बाहेर गेल्या.

मला वाटलं, नवऱ्याला झोप लागत नाही ती बायकोवर चिडून.

पंचांग आमच्या विभागात होतं. ते कपाटात इंग्रजी ग्रहपंचांगांच्या मागे, पाठ भिंतीकडे करून ठेवलेलं असे. तिथीवरून तारीख काढायला दोन मिनिटं लागली आणि मग मी नुसता बसून राहिलो. दोन वर्षांची पानं समोरासमोर ठेवली, तर त्या बाईंची चूक स्वच्छ दिसत होती. तिथी तीच आली की चंद्र त्याच जागी येतो. सूर्य येत नाही. सूर्य तारखेला बांधलेला असतो. दोन्ही भाद्रपदांच्या मध्ये अधिक ज्येष्ठ येऊन गेला होता, त्यामुळे वर्षश्राद्धाची पंचमी आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा पडली होती. त्या दिवसांत संध्याकाळ रोज थोडी थोडी अलीकडे सरकते. एस.टी. आणि लाइट मात्र घड्याळाप्रमाणे येत राहिली. श्राद्धाच्या दिवशी ती दोघं विहिरीवर उभी होती तेव्हा सूर्य बुडून अर्धा तास होत आला होता, काळोख झाला होता, हे खरं. पण मुलगा गेला त्या दिवशी, त्याच ठोक्याला, सूर्य बुडून जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

मी उत्तर लिहून काढलं आणि मॅडमच्या खोलीत गेलो. ताम्हनकर मॅडमचं सगळं आयुष्य ताऱ्यांचे वर्णपट मोजण्यात गेलं होतं आणि माणसांशी त्या वर्णपटासारख्याच बोलत: जेवढ्या रेषा दिसतील तेवढ्याच. त्यांनी कागद वाचला. 'सदर वेळी सूर्यास्त नुकताच झालेला असून उघड्यावर वर्तमानपत्र वाचता येईल इतका संधिप्रकाश असतो.'

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मग? आलात कशाला?"

मी सगळं सांगितलं. विहीर, मोटार, दोघांचं भांडण, बाईंनी वाकून सांगितलेलं.

"हे असंच द्यायचं का, मॅडम?"

"दुसरं कसं देता येतं?"

"त्यांचा मुलगा गेलाय."

"सूर्याला ते माहीत नव्हतं, उपळेकर."

मी कागद घेऊन उठलो. दारापर्यंत गेलो असेन.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या वाक्याच्या आधी बारीक अक्षरात तीन शब्द घातले: 'आकाश निरभ्र असल्यास'.

"हे कशाला?"

"ढगांचं आपल्याला माहीत नसतं. शास्त्र म्हणून लिहिलंय." आणि मग माझ्याकडे न बघता, "टाइप करताना गाळू नका."

त्या वकिलांना आम्ही चंद्राबद्दल इतकी प्रमाणपत्रं दिली होती. एकातही मॅडमनी ढगांचं नाव काढलेलं मला आठवत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी बोऱ्हाडे एकटेच आत आले. बायकोला आवारातल्या कडुनिंबाखाली बसवून आले होते. "तिला म्हणलं, नंबर लागला की हाक मारतो," ते म्हणाले. नंबर लागलेलाच होता. व्हरांड्यात एक मुलगी फक्त बसली होती, मांडीवर फाईल घेऊन.

"काय निघालं?"

मी त्यांना आधी तिथीचं सांगितलं. अधिक महिना समजावून द्यावा लागला नाही; अधिक महिना त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

"म्हंजी आमी चुकीच्या दिवशी उभं राह्यलो?"

"श्राद्धाला दिवस बरोबर होता. उजेडाला चुकीचा."

"आन् त्या दिवशी?"

"उजेड होता."

त्यांनी मान हलवली. मग पुन्हा विचारलं, "त्याला विहीर दिसत आसंल."

"दिसायला हवी."

"झालं मग," ते म्हणाले. "बरं झालं."

मला राग आला होता, हे आता इतक्या वर्षांनीही नीट आठवतं. मी म्हटलं, "बोऱ्हाडे, यात बरं काय झालं?"

ते खुर्चीत थोडे पुढे सरकले. "साहेब, ती रोज सांजच्याला बॅटरी घिऊन बांधावर जाती. विहिरीवर उजेड टाकीत बसती. बॅटरी खुंटीला व्हती त्या दिवशी, पोराच्या हातात दिली न्हाय, हे तिच्या डोक्यात बसलंय. म्हणती, मी अंधारात धाडला. मी सांगून दमलो, अगं, अंधार नव्हता. ऐकत न्हाय. आन् श्राद्धाच्या दिवशी तिथं उभं राहून आल्यापास्नं तर…" त्यांनी हातानं दार बंद केल्यासारखं केलं. "मंग म्हणलं, सरकारी शिक्का दावू. शिक्क्याला ऐकंल."

"पण उजेड होता म्हटल्यावर मुलगा…"

"ते माजं मी बघतो."

"म्हणजे?"

बोऱ्हाड्यांनी टोपी उलटी करून आत पाहिलं, जणू पुढचं तिथं लिहिलेलं होतं.

"त्या दिवशी दुपारी डेअरीवर बसलो व्हतो. चार माणसं व्हती. ह्यो आला. म्हणाला, आबा, मला हितं, म्हंजी तुमच्याकडं, नाव घालायचंय. फी लई नसती म्हणं. मी म्हणालो, तुला वैरण घालतोय ती म्हशीला घातली असती तर तिनं दूध तरी दिलं असतं. माणसं हसली."

"आणि नवनाथ?"

"त्योबी हसला."

व्हरांड्यातल्या मुलीनं आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा जाऊन बसली.

"तर ते माजं हाय," बोऱ्हाडे म्हणाले. "मी बोललोय, तर मला ठावं हाय. तिचं काय हाय त्यात? मोटार चालू कर म्हणाली. कोण म्हणत न्हाय? तुमी फकस्त तिला वाचून दावा. मला वाचता येतंय, पर माज्यावर तिचा इश्वास न्हाय बसायचा."

मी टाइप केलेला कागद समोर ओढला. हाक मारायची गरज पडली नाही. दारात बाई उभ्या होत्या. कधीपासून, ते कळलं नाही.

"काय निघालं?"

"उजेड," बोऱ्हाडे म्हणाले. "साहेबांनी काढलंय. आपण श्राद्धाच्या दिवशी उभं राह्यलो ते चुकलं. अधिक आल्ता मधी. सूर्य पुढं गेला व्हता."

"तुमी गप बसा. साहेब, वाचा."

मी वाचलं. सरकारी भाषा वाचताना आवाजही आपोआप सरकारी होतो. त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं. 'आकाश निरभ्र असल्यास, सदर वेळी सूर्यास्त नुकताच झालेला असून…' पुढचं वर्तमानपत्राचंही वाचलं आणि थांबलो.

"ते पयलं काय म्हणला?"

"आकाश निरभ्र असल्यास."

"म्हंजी ढग नसलं तर?"

"हो."

"आन् असलं तर?"

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "तर सांगता येत नाही. ढग दाट असतील तर अंधार लवकर पडतो."

बाईंनी इतक्या वेळात पहिल्यांदाच खुर्ची ओढली आणि बसल्या.

"ढग व्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं!" बोऱ्हाडे म्हणाले.

"भादव्यात ढग नसत्यात व्हय? दोरीवरची कापडं वाळली नव्हती त्या दिवशी."

"वाळली व्हती. माजा सदरा वाळला व्हता, त्योच घालून मी डेअरीवर गेलो."

"वलाच घातला तुमी! मी म्हणले, वला हाय, तर म्हणला अंगावर वाळंल."

"त्यो आदल्या दिवशीचा."

"आदल्या दिवशी तुमी बाजारला व्हता. बाजारला तुमी कोट घालताय."

"अगं, सरडा दिसला मला बांधावर! ढग असतं तर सरडा बाहेर पडला असता का?"

"साहेब, तुमी सांगा. ढग असलं की सरडं बाहेर पडत न्हाईत का?"

"आमच्याकडे सरड्यांचं नसतं," मी म्हटलं.

"मंग ढगाचं सांगा."

"ढगांचंही नसतं."

"कुणाकडं असतंय?"

"हवामान खात्याकडे. पण तेही शहराचं. तुमच्या गावावर त्या संध्याकाळी ढग होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

बाई नवऱ्याकडे वळल्या.  मग हळू आवाजात बोलल्या, माझ्याशी नाही.

"तुमच्या बोलण्यानं न्हाय गेला त्यो. घरी येऊन मला सांगितलं त्यानं, हसत सांगितलं. आबा म्हणं मला म्हशीवरनं बोलले. भाकरी खाल्ली पोटभर. दोनदा कालवण घेतलं. तसलं पोरगं जीव देतंय व्हय? मी अंधारात धाडला. माजंच हाय ते. तुमी कशाला घेताय?"

"तू मोटारीला धाडलास," बोऱ्हाडे म्हणाले. "विहिरीला न्हाय."

"अंधारात धाडला."

"उजेड व्हता गं."

"ढग व्हतं."

त्यांच्या आवाजात चीड नव्हती. बांधावरून वाटणी चालते तसं चाललं होतं. फरक एवढाच, की वाईट वाटा जो तो आपल्या नावावर मागत होता आणि दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. 'ह्यांना झोप न्हाय,' असं त्या मागच्या गुरुवारी वाकून म्हणाल्या होत्या. त्याचा अर्थ मला तेव्हा, त्या खुर्चीत बसून, कळला.

मी कागदावर सही केली, शिक्का मारला. कुणाच्या हातात द्यायचा ते समजेना, म्हणून टेबलाच्या मध्यावर ठेवला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. शेवटी बाईंनी तो उचलला, चार घड्या केल्या आणि बोऱ्हाड्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"चला," त्या म्हणाल्या. "गाडी जाईल."

दारापाशी बोऱ्हाडे वळले. "साहेब, देणं किती झालं?"

"काही नाही. गुरुवारी फुकट असतं."

ती दोघं गेली. व्हरांड्यातली मुलगी आत आली, समोर बसली, फाईल उघडली. नाव वासंती झगडे, कुठल्याशा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिला पात्रता विचारायची होती, वसतिगृह विचारायचं होतं, आणि घरचे म्हणतात याला स्कोप नाही, तर त्यांना काय सांगायचं, हेही विचारायचं होतं. मी ड्रॉवर उघडला. छापील कागदांचा गठ्ठा हाताला लागला आणि मी तो तसाच ठेवून ड्रॉवर बंद केला.

"विचार," मी म्हटलं. "एकेक विचार."

ती विचारणार होती, पण तिचं लक्ष माझ्या खांद्यावरून खिडकीकडे गेलं. मीही वळून पाहिलं. बोऱ्हाडे नवरा-बायको फाटकाकडे गेलेच नव्हते. कडुनिंबाच्या सावलीतून बाहेर, आवाराच्या मध्यावर, उन्हात उभे होते. बोऱ्हाड्यांनी एक हात वर करून पश्चिमेकडे नेला आणि हवेतून आडवा फिरवला. इथपासून इथपर्यंत मोकळं होतं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पदराखालून हात काढला, दुसरीकडे रोखला आणि बोटांनी भराभर काहीतरी भरून दाखवलं. इथं होता, इथं होता, हा एवढा. बोऱ्हाड्यांनी तो हात धरून खाली आणला. तिनं सोडवून पुन्हा वर केला.

"सर, ते काय बघतायत?"

"ढग," मी म्हटलं.

मुलगी खुर्चीतून थोडी उठून वर पाहू लागली. दिवाळी तोंडावर आली होती. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पण ढग तर नाहीयेत."

"नाहीयेत," मी म्हटलं. "तुला बी.एस्सी.ला गणित होतं का?"